साक्षीदाराने बघायचे नाही

रायस्वाइक, हॉलंड, ८ फेब्रुवारी

सलोनी,

वर 'प्रिय' लिहिलं होतं. खोडलं. मग खोडलेलं दिसू नये म्हणून नवा कागद घेतला.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस. का, तर माझे मेसेज म्हणजे दारावर थापा मारल्यासारखे वाटतात म्हणे. "लिहायचंच असेल तर पत्र लिही राजस, पोचेपर्यंत तरी तू शांत झालेला असशील." ठीक आहे, हे घे पत्र. पण अमेरिकेला पत्र पोचेपर्यंत शांत होणाऱ्यातला मी नाही, हे तुला माहीत आहे.

मराठीतच लिहितोय, कारण प्रचारातल्या तुझ्या त्या ऋषभला मराठी येत नसावं. आडनावावरून इंदूरकडचा वाटतो, म्हणजे थोडंफार समजतही असेल. म्हणून अक्षर मुद्दाम वाईट काढलंय.

प्रचाराच्या पानावर तुझा फोटो पाहिला. हो, बघतो मी ते पान. ते सगळ्या जगासाठी आहे, तिथे तू मला अडवू शकत नाहीस. बर्फात कुणाच्या तरी दारात उभी आहेस, हातात पत्रकं, शेजारी तो. त्याचे हात उघडे आहेत. आणि तुझ्या हातात जे मोजे आहेत ते तुझ्या मापाचे नाहीत, बोटांची टोकं रिकामी लोंबताहेत. मी काही विचारत नाहीये. दिसलं ते सांगतोय.

काल जेवताना घरी सांगितलं, की सलोनीच्या राज्यात सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती लोक मत देऊन निवडतात, आणि ती इथल्या मास्टर्सचं शेवटचं सत्र बाजूला ठेवून त्यासाठी दारोदार फिरतेय. बाबांचा घास हातातच राहिला. "न्यायाधीश निवडणुकीला उभा? मग खटला हरलेल्यानं पुढच्या वेळी त्याला पाडायचं की काय?" मी म्हटलं, तसंच काहीसं. आई म्हणाली, "तिनं शिक्षण थांबवलं तर ते कार्य, आणि आमच्या चिरंजीवांनी सोडलं तर ते दिवे." मी ताट ढकलून उठलो.

ब्रेडा गावातलं कॉलेज मी तुझ्यासाठी सोडलं असं मी कधीही म्हटलेलं नाही. रोज ट्रेननं ब्रेडा, आणि तू इथे आमच्या शेजारी सुनेत्रामावशींच्या वरच्या खोलीत, एवढंच म्हटलं होतं. बाकीचं लोकांनी जोडलं.

मावशी काल जिन्यात भेटल्या. "राजस, सलोनी येणार आहे का रे परत? नाहीतर जुलैपासून खोली दुसऱ्या कुणाला देते." मी म्हटलं, निवडणूक झाली की ठरवणार आहे. त्या म्हणाल्या, "न्यायाधीश निवडून आला की तिचा निकाल लागणार होय?" आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

राजस


रायस्वाइक, २५ फेब्रुवारी

सलोनी,

तुझं कार्ड आलं. प्रचारातून उरलेलं कार्ड. छापलेल्या बाजूला न्यायमूर्तीबाईंचा हसरा फोटो, दुसऱ्या बाजूला तू. "ओरडण्यापेक्षा कामाला लाग. इथले कितीतरी लोक नोकरीसाठी हॉलंडला गेलेत. नागरिक आहेत, मत आहे, पण देत नाहीत. मागची जागा आपण अगदी थोडक्यात घालवली. शोध त्यांना."

'आपण' म्हणजे कोण, सलोनी? तू आणि मी तर नव्हे. मी तेव्हा नव्हतोच.

तरी कामाला लागलो. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, कुणी तुमच्या राज्यात राहून आलंय का, अमेरिकेचं नागरिकत्व आहे का. पहिली सापडली ती मंजूषाताई. अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला राहते, बँकेत कुठल्याशा नियमांच्या खात्यात आहे. गेल्या आठवड्यात किराणा पोचवायची पाळी संपवून तसाच गेलो, अंगावर कंपनीचं जाकीट. तिनं दार उघडलं आणि म्हणाली, "मी आज काही मागवलं नव्हतं."

"ताई, मत मागायला आलोय."

"कुणासाठी?"

"न्यायमूर्तींसाठी."

"हो का? कुठल्या वॉर्डातून उभे आहेत?"

मी सगळं समजावलं. तुम्ही शेवटचं जिथे राहत होता तिथलं मत अजून तुमचंच आहे. मतपत्रिका इमेलनं येते, घरी छापायची, भरायची, पाकिटात घालून पोस्टानं पाठवायची. ती म्हणाली, "टॅक्सचे कागद दरवर्षी न चुकता भरते बघ. मत तेवढं विसरले. देतात ते आठवत नाही, घेतात तेच आठवतं."

काल पुन्हा गेलो, साक्षीदार म्हणून. तू पाठवलेले नियम मी पाठ केलेत. मत देताना एक साक्षीदार समोर हवा, तो अमेरिकन नसला तरी चालेल. त्यानं पाकिटावर नाव, पत्ता, सही करायची. समोर असायचं, पण कुणाला मत दिलं ते बघायचं नाही. हा काय नियम आहे? ज्यानं बघितलंच नाही तो कसला साक्षीदार? पण म्हटलं ठीक. ताईनं दहावीच्या पेपरला पोरी धरतात तसा हात आडवा धरला आणि गोल काळा केला. मी खिडकीतून मेट्रो बघत उभा राहिलो. सही करताना मी आळस केला तर तिनं रागावून मला पत्ता पुरा लिहायला लावला, गावासकट, देशासकट.

निघताना म्हणाली, "तुमच्या बाईंनाच दिलंय हो, काळजी करू नकोस." जिना उतरताना मनात आलं, हे तिनं न विचारता का सांगितलं? ज्यानं दिलं तो सांगत बसतो का?

विमानतळावर तूही न विचारताच म्हणाली होतीस, "येईन रे मी."

राजस


ब्रेडाहून परतताना, ट्रेनमध्ये, १५ मार्च

प्रिय सलोनी,

अक्षर हलतंय ते गाडीमुळे. 

श्रीधरकाका आणि मृदुलाकाकू, तुझ्याच गावात सत्तावीस वर्षं राहिलेले, आता इथे मुलाकडे असतात, त्यांच्याकडे गेलो होतो. काकांनी दारातच पाठीवर थाप मारली. "ये! सलोनीचा ना तू? म्हणजे, सलोनीच्या कामाचा?" आणि डोळा मारला. माणूस उत्साही. दोन्ही मतपत्रिका छापून टेबलावर तयार, पेन तयार, पाकिटं तयार. काकू ओट्याशी थालीपीठ थापत होत्या.

मी खिडकीकडे वळलो. काकांनी स्वतःची पत्रिका भरली, "तुमच्या बाईंना!" असं ओरडून सांगत. मी म्हटलं, काका, सांगू नका. ते म्हणाले, "चोरी आहे का?" आणि मग त्यांनी काकूंची पत्रिका स्वतःकडे ओढली.

"काका, ती काकूंनी भरायची."

"हिचं मीच करतो. घरात मत एकच असतं रे. विचार तिला. अगं, सांग याला."

काकू मागे न बघता म्हणाल्या, "हेच करतात नेहमी."

"ऐकलंस? आणि तुमच्याच बाईंना देतोय ना? दोन मतं घे, दोन थालीपिठं खा, चार वाजताची गाडी पकड."

सलोनी, खरं सांगतो, सहीसाठी पेन मी उचललं होतं. मनात हिशेब झाला. दोन मतं. तू त्या प्रचाराच्या ऑफिसात सगळ्यांसमोर माझं नाव घेशील. तो ऐकेल. आणि चुकीचं तरी काय, काकूच हो म्हणताहेत की. पण मला काय सवय आहे ते तू जाणतेस. कुणी 'नेहमी असंच असतं' म्हणालं की मला त्याच्या मागे काहीतरी दिसायला लागतं. मी काकूंकडे बघितलं. त्या हाताला पीठ तसंच ठेवून टेबलापाशी येऊन उभ्या होत्या आणि पलीकडच्या बाजूनं, उलटा, तो कागद वाचत होत्या. ओठ हलत होते.

मी म्हटलं, "काकू, तुम्हाला वाचायचंय का?"

"अरे, तिला त्यातलं काय..."

काकू म्हणाल्या, "वाचलं तर काय होईल?"

काका तडकले, पण माझ्यावर. "तू आम्हाला शिकवणार? कॉलेज अर्धवट टाकलेलं पोरगं?" म्हणजे ब्रेडापर्यंत पोचलंय ते. माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "अर्धवट टाकलंय, पण सही माझी आहे. काकूंनी मत दिलं असं लिहून खाली नाव घालायचंय मला. दिलंच नाही तर घालणार नाही." "मग नको घालूस! दोन्ही फाडतो!" "फाडा!" आतल्या खोलीत सुनेनं दार लावून घेतलं, इतका आवाज झाला आमचा.

मिटवलं काकूंनी. शेगडी बंद केली, हात धुतले, पुसले, कागद उचलला आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही जरा बागेत जा."

"पाऊस आहे!"

"छत्री घ्या."

आणि काका गेले! त्या टीचभर बागेत छत्री धरून, पाठ करून उभे राहिले. मग काकू मला म्हणाल्या, "तुला इथंच थांबायला हवं ना? मग तोंड तिकडे कर." मी फ्रीजकडे तोंड करून उभा राहिलो. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग पेनाचा आवाज. मग पाकीट चिकटवल्याचा. मी सह्या केल्या, पत्ते टाकले. काकूंनी थालीपिठं फॉइलमध्ये बांधून दिली. काका निरोप द्यायला आत आलेच नाहीत, काचेतून बघत होते.

मी पाहिलं नाही. पाहावंसं खूप वाटलं. पाकिटं मी स्वतः स्टेशनवरच्या पेटीत टाकली.

आज 'प्रिय' लिहिलंय, बघ. खोडत नाही.

राजस


रायस्वाइक, २४ मार्च

सलोनी,

अनब्लॉक केलंस, आणि पहिलं वाक्य काय? "ब्रेडाला काय तमाशा केलास?"

काकांनी तुझ्या बाबांना फोन केला, तुझ्या बाबांनी तुला. मला कुणीच काही विचारलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी ऋषभचा इमेल. किती गोड इंग्रजी! तुझ्या तळमळीची आम्हाला कदर आहे, पण मतदारांच्या घरगुती पद्धतींमध्ये कार्यकर्त्यांनी पडू नये असं "सलोनीला आणि मला" वाटतं. घरगुती पद्धत! तुम्ही न्यायालयाची निवडणूक लढवताय ना? त्या कार्डावर तुमच्या बाई हसताहेत, त्यांना दाखव हा इमेल. विचार, घरगुती पद्धत म्हणजे काय.

रागानं मी तुला फोन लावला. त्यानं उचलला. "सलोनी गाडी चालवतेय, नंतर करेल."

तुला गाडी चालवता येत नाही, सलोनी. अमेरिकेत वाढून लायसन्स नसलेली तू एकटीच असशील असं तूच सांगायचीस. सायकलसुद्धा तू इथे येऊन शिकलीस, कालव्याच्या कडेला, मी मागून धरून पळत होतो. मग कोण चालवत होतं? की शिकलीस? कुणी शिकवलं?

मला सोपं उत्तर दे. दोघं एकत्र आहात का? हो की नाही, एवढंच. मी साक्षीदार नाही, मला बघायचा हक्क आहे.

राजस


रायस्वाइक, ४ एप्रिल

प्रिय सलोनी,

हे पत्र पोस्टानं मंगळवारच्या मतदानाच्या आत पोचणार नाही, म्हणून फोटो काढून इमेल करतोय. आज पहाटे फोनवर आपण जे बोललो ते मी इथे पुन्हा लिहितो, कारण फोनवर मी ओरडलो आणि तू ठेवलास.

तू विचारलंस, "काका-काकूंच्या पाकिटांवर स्वतःचा पत्ता काय लिहिलास?"

"पोस्टकोड आणि घराचा नंबर."

"बस?"

"पुरतं की. या देशात तेवढ्यावर फ्रीज येतो घरी."

"इथे नाही पुरत! रस्ता, गाव, देश, सगळं लागतं. दोन्ही पाकिटं बाजूला ठेवलीत निवडणूक कार्यालयानं, साक्षीदाराचा पत्ता अपुरा म्हणून."

चूक माझीच. दिवसभर किराणा पोचवतो, माझ्या डोळ्यांना पत्ता म्हणजे चार आकडे, दोन अक्षरं आणि दाराचा नंबर. ताईनं त्या दिवशी रागावून पुरा लिहायला लावला, म्हणून तिचं मत सुखरूप आहे. ब्रेडाला मी भांडणाच्या झटक्यात होतो.

तू म्हणालीस, सोपं आहे, पूर्ण पत्ता आणि सही असं निवेदन स्कॅन करून निवडणूक कार्यालयाला पाठव, मोजणीआधी पोचलं की मत धरतात. मग म्हणालीस, "काकांचं आत्ता पाठव."

"आणि काकूंचं?"

तू उलट मलाच विचारलंस. 

"काकूंनी कुणाला दिलं?"

"मला माहीत नाही."

"तू त्याच खोलीत होतास."

"तोंड फ्रीजकडे होतं."

"राजस, तू फोटोवरून माझ्या मोज्यांचं माप काढतोस. आणि हातभर अंतरावरचा कागद पाहिला नाहीस?"

"नाही पाहिला."

"खोटं. आपलं असेल तर पाठव, नसेल तर राहू दे. तू काही वाईट करत नाहीयेस. फक्त काही करत नाहीयेस."

मी विचारलं, हे वाक्य कुणाचं, त्याचं की तुझं. तू म्हणालीस, माझं. आणि मग ते बोललीस. "तू मला काकूंचं सांग, मी तुला ऋषभचं सांगते. खरं खरं, एकदाच. नाही सांगितलंस तर मी समजेन तू माझ्या बाजूचा नाहीस. मग परत येऊन तरी काय करू?"

मी काय ओरडलो ते मी लिहीत नाही. तुला ऐकू आलंय.

फोन ठेवल्यावर मी पलंगावर बसून होतो. खरं सांगू? दोन शब्दांचं काम होतं. "आपल्यालाच दिलं." तू खूश झाली असतीस, काकूंचं मत मोजलं गेलं असतं, मला ऋषभचं कळलं असतं, आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. तुला परत फोनही लावायला घेतला होता. पण मग डोक्यात आलं, मी खोटं देऊन तुझ्याकडून खरं घेणार, तर तू दिलेलं खरं आहे हे मी कशावरून धरणार? तू 'नाही' म्हणालीस तरी मी तुझा आवाज तपासत बसलो असतो. 'हो' म्हणालीस तरी. माझ्यासारख्याला असलं उत्तर काय कामाचं?

आणि दुसरंही. पहाटे तू "खोटं" म्हणालीस ना, तेव्हा मला कळलं की खरं बोलणाऱ्याला किती हतबल वाटतं. दाखवायला काहीच नसतं हातात. मी तुला असं कितीदा उभं केलंय देव जाणे. कदाचित तू दर वेळी खरंच बोलत होतीस. कदाचित नव्हतीस. आज मला दोन्ही सारखंच शक्य वाटतंय, आणि हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

मी ब्रेडाला फोन लावला. वाटलं होतं काका आपटतील. काकूंनीच उचलला. म्हटलं, काकू, माझ्या पत्त्याचा घोळ झालाय, तुमच्या दोघांच्या वतीनं दुरुस्तीचं निवेदन पाठवू का? त्या म्हणाल्या, "पाठव की. एवढा वाद घालून दिलंय ते." मग आवाज खाली आणला. "हे बघ, तुला म्हणून सांगते. त्या दिवसापासून हे माझ्या मागे आहेत. सकाळी चहाला विचारतात, फिरायला गेलं की विचारतात, परवा तर भांडी घासू लागले आणि हळूच म्हणतात, 'बाईंनाच दिलंस ना गं?'"

"मग सांगितलंत?"

"वेडा आहेस का? लग्नाला चाळीस वर्षं झाली, पहिल्यांदाच मला काय वाटतं ते विचारताहेत. सांगून टाकलं की संपलं."

आणि इतक्या हसल्या, की मागून काका "काय झालं, काय झालं?" करत आलेले मला ऐकू आले.

सलोनी, दोन्ही निवेदनं मी एकाच इमेलमध्ये पाठवली. मुद्दाम, म्हणजे एक पुढे ढकलून दुसरं मागे ठेवता येणार नाही. पूर्ण पत्ता, गावासकट, देशासकट. तिथल्या कार्यालयाची पोच तासाभरात आली, दोन्ही पाकिटं मोजणीत घेणार. तुमच्या बाई एका मतानं पडल्या तर मला शिव्या घाल, मी ऐकून घेईन.

काकूंनी कुणाला दिलं मला माहीत नाही. माहीत असतं तरी तुला सांगितलं नसतं. त्यामुळे तुझ्या बाजूच्या अर्ध्या सौद्याचंही तू मला काही देणं लागत नाहीस, ऋषभचं काही लिहू नकोस.

मावशींनी आज पुन्हा खोलीचं विचारलं. गेले दोन महिने मी त्यांना थांबा, थांबा म्हणतोय, तुझ्या वतीनं. आज म्हटलं, मावशी, मला माहीत नाही, मी तुम्हाला तिचा नंबर देतो. फोन येईल तुला. 'हो' असो की 'नाही', त्यांना सांग. मी शेजारीच आमच्या घरी बसलो असेन, तरी त्यांना येऊन विचारणार नाही.

मंगळवारी थंडी असेल तिथे. मत द्यायला उभे राहणारे म्हातारेकोतारे आधी आत घ्या.

तुझा,
राजस